दुर्बीण, भिंग आणि वेध : पाहण्याच्या साधनांचे जुने मराठी शब्द आणि यवतमाळ परिसर

प्रस्तावना

यवतमाळ, पुसद किंवा वणी यांसारख्या गावांतील रुग्णालयांच्या फलकांवर ‘दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया’ ही शब्दयोजना आज सर्रास आढळते. पित्ताशयातील खडे, आंत्रपुच्छ, गुडघ्याचा सांधा, स्त्रियांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया या सर्वांसाठी ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ हा शब्द खेड्यापाड्यांत रूढ झालेला आहे. शब्दाच्या व्युत्पत्तीकडे पाहिले तर हा प्रयोग चुकीचा ठरतो. दुर्बीण म्हणजे दूरचे पाहणारे साधन. शस्त्रक्रियेत तर ते साधन शरीराच्या आत, पाहावयाच्या अवयवापासून काही अंगुळांवर असते. परंतु ज्या शब्दाने बोलणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे काम निःसंदिग्धपणे भागते, त्यास केवळ व्युत्पत्तीच्या आधारे चुकीचे ठरविता येईल काय, हा प्रश्न आहे.

हा प्रश्न वर्गातही उपस्थित होतो. विज्ञान शाखेत प्रवेश घेणारा ग्रामीण विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाला सहजपणे ‘दुर्बीण’ म्हणून जातो. आपण अध्यापक त्याची चूक दुरुस्त करतो, आणि ते आवश्यकही आहे. मात्र ही चूक अज्ञानातून होते की शब्दाच्या इतिहासातून, याचा विचार सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात पाहण्याच्या साधनांसाठी मराठीत वापरल्या गेलेल्या शब्दांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. दुर्बिणीपूर्वीची वेधपरिभाषा, फारसीतून आलेले शब्द, विसाव्या शतकात घडविलेली परिभाषा आणि लोकव्यवहारातील प्रयोग असे चार स्तर येथे विचारात घेतले आहेत. त्यासाठी कोशवाङ्मय, सर्वेक्षणाचा व खगोलनिरीक्षणाचा इतिहास आणि प्रचलित बोलीतील प्रयोग यांचा आधार घेतला आहे. मराठी लोकव्यवहाराने ‘दुर्बीण’ या शब्दातील ‘दूर’ हा अर्थ मागे टाकून त्याला ‘उघड्या डोळ्याची मर्यादा ओलांडणारे साधन’ असा व्यापक अर्थ दिला, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. दुर्बिणीपूर्वीची परिभाषा : वेध, नलिका आणि धीयंत्र

काचेचे भिंग बसविलेली नळी आपल्याकडे येण्यापूर्वीही आकाश पाहण्याची साधने होती आणि त्यांची स्वतंत्र परिभाषा होती. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ या शके १०७२ (इ. स. ११५०) मधील ग्रंथात यंत्राध्याय आहे. त्यात गोल, नाडीवलय, यष्टी, शंकू, घटी, चक्र, चाप, तुर्य आणि फलक या यंत्रांची गणना करून शेवटी ‘धी’ म्हणजे बुद्धी हेच एकमेव पारमार्थिक यंत्र होय, असे भास्कराचार्य सांगतात. हातात केवळ एक काठी असली तरी तिच्या मुळाकडून व टोकाकडून नजर लावून उंची व अंतर काढता येते, हा त्यामागील विचार आहे. यंत्र दृष्टी वाढवीत नाही. ते दृष्टीला रेषा देते आणि उरलेले काम गणित करते.

याच परंपरेतील ‘नलिका’ हे साधन विशेष लक्षणीय आहे. ही पोकळ नळी होती. तिच्यात भिंग नव्हते. गणिताने ग्रहाचे स्थान आधी काढावयाचे, त्या दिशेला नळी बांधावयाची आणि ठरल्या वेळी ग्रह नळीत दिसतो की नाही हे पाहावयाचे, असा हा ‘नलिकाबंध’ असे. आकाशातील ग्रह तसेच पाण्यातील त्याचे प्रतिबिंब राजाला अशा नळीतून दाखवावे, असेही भास्कराचार्य सुचवितात. आकार दुर्बिणीसारखा असला तरी नलिकेचे कार्य वेगळे होते. तिचा उपयोग ग्रह मोठा करून पाहण्यासाठी नव्हता. गणिताची साक्ष काढण्यासाठी होता.

या व्यवहाराला मराठीने दिलेला स्थायी शब्द म्हणजे ‘वेध’. संस्कृतातील ‘व्यध्’ म्हणजे भेदणे या धातूपासून तो आला आहे. ताऱ्याचा वेध घेणे म्हणजे नजरेच्या बाणाने त्याला नेमके टिपणे. ‘वेधशाळा’ हा शब्द आपण रोज उच्चारतो; परंतु ‘एखाद्या विषयाचा वेध घेणे’, ‘सणाचे वेध लागणे’, ‘ग्रहणाचे वेध पाळणे’ या प्रयोगांतही तीच क्रिया दडलेली आहे. ग्रहणाच्या अवस्थांची नावेही अशीच बोलकी आहेत. खग्रास स्थितीच्या आरंभाला ‘संमीलन’ आणि अंताला ‘उन्मीलन’ म्हणतात. हे दोन्ही शब्द मुळात डोळा मिटण्याचे आणि उघडण्याचे आहेत. पंचांगाद्वारे ते खेड्यातील जोशीबुवांपर्यंत पोहोचले होते.

वेधाचे आणि गणिताचे नाते हा महाराष्ट्रातील ज्योतिषपरंपरेचा जिवंत प्रश्न होता. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांचा ‘ग्रहलाघव’ (शके १४४२, इ. स. १५२०) हा ग्रंथ शतकानुशतके पंचांगकर्त्यांच्या हाती राहिला. काळाच्या ओघात त्याच्या गणितात आणि प्रत्यक्ष आकाशात अंतर पडू लागले, तेव्हा ‘दृक्प्रत्यय’ म्हणजे डोळ्यांनी येणारी प्रचीती हा शब्द वादाच्या केंद्रस्थानी आला. कुलाबा वेधशाळेत घडलेले केरो लक्ष्मण छत्रे (१८२४–१८८४) यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ (१८६०) हा ग्रंथ मराठीत लिहून युरोपीय निरीक्षणांवर आधारलेले गणित पंचांगकर्त्यांस उपलब्ध करून दिले. ज्या निरीक्षणांवर ही कोष्टके उभी होती ती दुर्बिणीची होती. परंतु वादाची भाषा मात्र ‘वेध’ आणि ‘दृक्प्रत्यय’ अशी जुनीच राहिली.

२. ‘दुर्बीण’ : एका फारसी शब्दाचे मराठीकरण

भिंगांची नळी युरोपात १६०८ साली हॉलंडमध्ये प्रथम पुढे आली आणि १६०९–१० मध्ये गॅलिलिओने ती आकाशाकडे वळविली. तेथेही तिला नाव सापडण्यास वेळ लागला. गॅलिलिओ स्वतः तिच्यासाठी वेगवेगळे शब्द वापरीत असे. ‘टेलिस्कोप’ हे ग्रीक घटकांचे नाव १६११ साली रोममध्ये लिंचेई अकादमीने गॅलिलिओच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीत पुढे आले. ‘मायक्रोस्कोप’ हे नाव त्याच अकादमीतील जोव्हानी फाबेर यांनी १६२५ मध्ये सुचविले. म्हणजे विद्वत्सभेने घडविलेला शब्द आणि लोकांनी पत्करलेला शब्द यांतील अंतर केवळ आपल्याकडचेच आहे असे नाही. इटालियन बोलणारा सामान्य माणूस आजही दुर्बिणीला नळी आणि डोळा या दोन शब्दांच्या जोडीतून आलेल्या ‘कान्नोक्याले’ या नावाने ओळखतो.

मराठीत हे साधन फारसी नाव घेऊन आले. फारसी ‘दूर’ आणि ‘बीन’ (पाहणारा) यांचा तो समास आहे. यातील ‘दूर’ हा शब्द संस्कृत व फारसी या दोन्ही भाषांत समान वारशाने आलेला आहे. त्यामुळे अर्धा शब्द मराठी माणसाला आरंभापासूनच परका नव्हता. उरलेल्या अर्ध्याला मराठीने आपल्या पद्धतीने घडविले. ‘निशान’चे ‘निशाण’ झाले तसे ‘बीन’चे ‘बीण’ झाले. शब्द स्त्रीलिंगी ठरला आणि ‘बहीण–बहिणीला’ या धर्तीवर ‘दुर्बीण–दुर्बिणीतून’ असे त्याचे सामान्यरूप होऊ लागले. मोल्सवर्थ यांच्या मराठी–इंग्रजी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत (१८५७) या शब्दाची नोंद आहे. ज्या शब्दाला भाषेचे उच्चार, लिंग आणि विभक्ती तिन्ही लाभली, तो शब्द उसना राहिला असे म्हणता येत नाही. वऱ्हाडी बोलीत मात्र एक मौज घडली. या बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, ‘पाणी’चे ‘पानी’ होते. त्यामुळे आपल्या भागातील शेतकरी ‘दुर्बीन’ म्हणतो तेव्हा तो नकळत मूळ फारसी उच्चाराजवळ परत जातो.

याच घडणीचा दुसरा शब्द म्हणजे ‘खुर्दबीन’, लहान वस्तू पाहणारे साधन, अर्थात सूक्ष्मदर्शक. ‘खुर्द’ हा शब्द वऱ्हाडात अपरिचित असण्याचे कारण नव्हते. गावांच्या नावांपुढील ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ हे भेद प्रत्येक सातबाऱ्यावर आढळतात, आणि ‘खुर्दा’ म्हणजे चिल्लर हा शब्दही बाजारात चालतो. तरीही ‘खुर्दबीन’ मराठीत रुजला नाही. दूर पाहण्याची नळी लष्करात, बंदरांवर आणि सर्वेक्षणात लोकांच्या दृष्टीस पडत होती. सूक्ष्मदर्शक मात्र दीर्घकाळ प्रयोगशाळेच्या चार भिंतींत राहिला आणि तेथील भाषा इंग्रजी होती. हा शब्द उर्दूत टिकला. पुसद, उमरखेड, दिग्रस, दारव्हा येथील उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शक ‘खुर्दबीन’ या नावानेच परिचित असतो. एकाच तालुक्यातील दोन शाळांत एका उपकरणाची दोन नावे आहेत आणि पुढे महाविद्यालयात ही मुले एकाच बाकावर बसतात, ही बाब भाषा व विज्ञान या दोन्ही विषयांच्या अध्यापकांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

माधव त्रिंबक पटवर्धन म्हणजेच माधव जूलियन यांनी ‘फार्शी–मराठी कोश’ (१९२५) सिद्ध करून अशा शब्दांचा साठा अभ्यासकांपुढे ठेवला. पुढे त्यांनीच ‘भाषाशुद्धिविवेक’ (१९३८) लिहून परभाषी शब्दांबाबत वेगळी भूमिका घेतली. या दोन ग्रंथांमधील प्रवास हा मराठीने फारसी शब्दांकडे पाहण्याच्या बदलत्या दृष्टीचा निदर्शक आहे.

काचेच्या साधनांची घरगुती नावे याहून जुनी व सहज होती. ‘आरसा’ हा संस्कृत ‘आदर्श’पासून आला, तर ‘ऐना’ फारसीतून आला. डोळ्यांवरील काचांसाठी ‘चष्मा’ हा शब्द फारसी ‘चश्म’ म्हणजे डोळा यापासून आला. परंतु त्याच वस्तूसाठी मराठीने ‘चाळशी’ हा आपला शब्द घडविला. त्यात डोळ्याचाही उल्लेख नाही आणि काचेचाही नाही. वयाच्या चाळिशीत जवळचे दिसेनासे होते, एवढाच अनुभव त्या नावात आहे. ‘भिंग’ हा शब्द तर वस्तू मोठी करणाऱ्या काचेपासून पुढे शास्त्रीय उपकरणापर्यंत सहज पोहोचला.

३. वऱ्हाडाच्या भूमीवर यंत्रांच्या दोन भेटी

यवतमाळ जिल्ह्याच्या परिसराचा या यंत्रांशी आलेला संबंध केवळ शाब्दिक नाही. एकोणिसाव्या शतकातील दोन घटना या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली घटना महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची. विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून आरंभिलेले हे काम पुढे दक्षिणोत्तर रेखावृत्ताच्या एका दीर्घ कंसाच्या, म्हणजे ‘महाचापा’च्या, मापनात विस्तारले. हा चाप साधारणतः ७८ अंश पूर्व रेखावृत्ताच्या किंचित पश्चिमेकडून कन्याकुमारीपासून उत्तरेकडे सरकत गेला. बीदरच्या परिसरातून वऱ्हाडाकडे येणारी ही त्रिकोणांची साखळी आजच्या पुसद, दिग्रस, दारव्हा यांच्या रेखांशांवरून पुढे जाते. मूळ मोठे थिओडोलाइट यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचे होते. ते माणसांच्या खांद्यांवरून डोंगरमाथ्यांवर चढविले जाई. याच यंत्राला १८०८ साली तंजावरच्या मंदिराच्या गोपुरावर चढविताना मोठा अपघात झाला होता. त्या वेळी तंजावरच्या गादीवर मराठी भाषक सरफोजी राजे दुसरे होते. हैदराबादहून नागपूरकडे जात असताना लॅम्ब्टन यांचे २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे निधन झाले. त्यांची कबर तेथेच आहे. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे आपला वणी परिसर सुरू होतो. पुढील काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी चालविले.

या यंत्राचा मुख्य भाग अंश मोजणाऱ्या वर्तुळांवर फिरणारी दुर्बीण हा होता. कोन मोजणे हे त्याचे खरे कार्य. परंतु पाहणाऱ्याच्या नजरेत भरत असे ती नळी. या नळीतून पडद्यातील स्त्रिया पाहिल्या जातात, अशी शंका सर्वेक्षकांच्या वाटेत ठिकठिकाणी घेतली गेल्याचे सर्वेक्षणाच्या इतिहासात नमूद आहे. त्या काळातील खगोलीय रचनेच्या दुर्बिणीत प्रतिमा उलटी दिसत असल्याने संशयात भरच पडे. भाषेच्या दृष्टीने यातून निघणारा मुद्दा असा, की कोनमापक यंत्रासाठी लोकांनी ‘दुर्बीण’ हाच शब्द योजला. रस्त्याची किंवा कालव्याची आखणी करणारे पथक गावात आले की ‘दुर्बीण लावली’ असे म्हणण्याचा प्रघात पुढेही टिकून राहिला.

दुसरी घटना २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची. या ग्रहणाचा खग्रास पट्टा विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर येऊन करमाळ्याजवळील जेऊरमार्गे ईशान्येकडे वऱ्हाडात शिरला. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर यांचे पथक होते. जेऊर येथे अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांची पथके होती. बडनेरा–वर्धा लोहमार्गावरील तळणी येथे ब्रिटिश खगोल संघटनेच्या वतीने एडवर्ड व अॅनी माँडर आले होते आणि पुलगाव येथे न्यूअल व कॅप्टन हिल्स यांनी वर्णपटाच्या निरीक्षणासाठी आपली उपकरणे मांडली होती. अॅनी माँडर यांनी या ग्रहणात सूर्यकिरीटाच्या एका अतिशय लांब शलाकेचे छायाचित्र मिळविले. जेऊर आणि पुलगाव या दोन ठिकाणांना जोडणारी रेषा नकाशावर ओढली असता ती दारव्ह्याच्या परिसरातून जाते. यवतमाळ शहरही पट्ट्यातच येते. हा जिल्हा त्या वेळी वणी या नावाने ओळखला जात होता. यवतमाळ हे जिल्ह्याचे नाव १९०५ पासूनचे. भर दुपारी सुमारे दोन मिनिटे येथील आकाशही अंधारले असणार, यात संशय नाही.

या एका दिवशी पाहण्याच्या दोन परिभाषा एकाच भूमीवर समोरासमोर होत्या. तळणी आणि पुलगावच्या तंबूंत दुर्बीण, छायाचित्रक आणि वर्णपटदर्शक ही साधने होती. गावोगावच्या पंचांगांत वेध, स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन आणि मोक्ष हे शब्द होते. परातीतील पाण्यात ग्रहण पाहणे किंवा काचेला काजळी धरून पाहणे या लोकरूढ पद्धती होत्या. अशी काच डोळ्यांस सुरक्षित नाही, हे आज आपण जाणतो. दोन्ही परिभाषा अचूक वेळेच्या आणि नेमक्या निरीक्षणाच्या होत्या. तथापि, त्यांचा परस्परांशी संवाद घडविणारी पाठ्यपुस्तके मराठीत तेव्हा फार थोडी होती.

४. घडविलेली परिभाषा : तीन प्रकारची फलिते

विसाव्या शतकाच्या मध्यास मराठीतून विज्ञान शिकविण्याचा प्रश्न निकडीचा झाला. यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांचा ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ १९४८ साली प्रसिद्ध झाला. आपला जिल्हा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता आणि याच सुमारास नागपूर येथे डॉ. रघुवीर संस्कृत धातूंवर आधारलेली परिभाषा घडवीत होते. त्यांचा ‘अण्वीक्ष’ हा सूक्ष्मदर्शकासाठीचा शब्द त्या पद्धतीचा चांगला नमुना होय. ‘अणु’ आणि ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे यांपासून तो सिद्ध होतो. रचना निर्दोष, शब्द आटोपशीर. परंतु वर्गात तो टिकला नाही. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर भाषा संचालनालय (१९६०) आणि १९७६ पासून खंडशः प्रकाशित झालेला मराठी विश्वकोश यांनी परिभाषेला स्थैर्य दिले.

या प्रयत्नांचे फलित तीन प्रकारचे दिसते. पहिला प्रकार यशस्वी नवशब्दांचा. ‘सूक्ष्मदर्शक’ हा शब्द मराठीत पक्का झाला, कारण त्याच्यासमोर लोकांतील प्रतिस्पर्धी शब्द नव्हता. ‘खुर्दबीन’ मराठीत रुजलेला नव्हता. शिवाय ‘सूक्ष्म’ हा शब्द कीर्तन-प्रवचनांतील ‘सूक्ष्म देहा’पासून सर्वांच्या कानावरचा होता.

दुसरा प्रकार असफल किंवा अर्धसफल नवशब्दांचा. ‘दूरदर्शक’ हा शब्द संदर्भग्रंथांत राहिला, बोलण्यात मात्र ‘दुर्बीण’च राहिली. यामागे रूढ शब्दाचे बळ हे एक कारण असले तरी ते एकमेव नव्हे. ‘दर्शक’ या घटकावर मराठीत आधीच बराच भार होता. व्याकरणात ‘दर्शक सर्वनाम’ आहे, रसायनशास्त्रात आम्ल-आम्लारी ओळखणारा ‘दर्शक’ आहे, आणि नाटक पाहणाऱ्यालाही दर्शक म्हणता येते. पर्यायी ‘दूरदर्शी’ हा शब्द द्रष्ट्या पुरुषाचे विशेषण म्हणून रूढ होता. त्यात मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाल्यावर ‘दूरदर्शन’ हा शब्द घरोघरी पोहोचला आणि दूरच्या दर्शनाची कल्पना त्या संचाने व्यापून टाकली. पाठ्यपुस्तकांनीही शेवटी लोकशब्दाशी जुळवून घेतले. २०१७ साली आलेल्या इयत्ता नववीच्या विज्ञान पुस्तकात अवकाश निरीक्षणाच्या पाठाच्या शीर्षकात ‘दुर्बिणी’ हाच शब्द आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या प्रकल्पाला मराठी वाचक ‘रेडिओ दुर्बीण’ म्हणतो. वस्तुतः तिच्यातून डोळ्यांनी कोणी काही पाहत नाही.

तिसरा आणि सर्वांत उपकारक प्रकार म्हणजे घरातील शब्दाला शास्त्रीय अर्थ देण्याचा. हंडी-झुंबरांना लोंबणाऱ्या पैलूदार काचांना आणि कानातल्या लोंबत्या अलंकाराला ‘लोलक’ म्हणत. तोच शब्द प्रकाशाचे सात रंगांत पृथक्करण करणाऱ्या काचेला दिला गेला. झुंबराच्या लोलकातून भिंतीवर पडलेले रंग ज्याने पाहिले असतील, त्याला वेगळ्या व्याख्येची गरजच पडत नाही. बहिर्वक्र आणि अंतर्वक्र ‘भिंग’, भिंगाची ‘नाभी’, ‘नाभीय अंतर’ हे शब्द याच मार्गाने आले. युरोपातही असेच घडले होते. ‘लेन्स’ हा शब्द मुळात मसुराच्या दाण्याचे लॅटिन नाव आहे आणि ‘फोकस’ म्हणजे लॅटिनमध्ये घरातील चूल. ज्या इंग्रजी संज्ञा आपल्याला जन्मतः शास्त्रीय वाटतात, त्यांतील कित्येक कधी काळी स्वयंपाकघरातून प्रयोगशाळेत गेल्या आहेत.

५. लोकव्यवहारातील ‘दुर्बीण’

परिभाषा घडत असताना लोकव्यवहारही थांबलेला नव्हता. भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. या खात्यात ‘शंकुसाखळी’ आणि ‘फलकयंत्र’ या मोजणीपद्धतींची नावे दीर्घकाळ चालत आली. भास्कराचार्यांच्या यंत्रसूचीतील शंकू आणि फलक हे दोन्ही शब्द येथे भेटतात. उपकरणे अर्थातच वेगळी आहेत. भास्कराचार्यांचे फलकयंत्र सूर्याच्या उन्नतांशावरून काळ काढण्यासाठी होते. मोजणीदाराचे फलकयंत्र शेताचा नकाशा जागेवरच उतरविण्यासाठी. परंतु आठशे वर्षांपूर्वीच्या ज्योतिषग्रंथातील शब्द बांधाच्या तंट्यात सापडलेल्या शेतकऱ्याच्या तोंडी असावा, हे परिभाषेच्या चिवटपणाचे लक्षण आहे. अलीकडे इलेक्ट्रॉनिक उपकरणे आली आणि ‘मशीनची मोजणी’ असा नवा प्रयोग रूढ झाला. ‘दुर्बीण’ या क्षेत्रातून हळूहळू मागे पडत असल्याचे दिसते.

याउलट वैद्यकात तिचा विस्तार झाला. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांत ‘टाक्याचे’ आणि ‘दुर्बिणीचे’ असा भेद स्त्रियांनीच रूढ केला, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे घशातून, अन्ननलिकेतून, मूत्रमार्गातून केल्या जाणाऱ्या तपासण्यांना ‘दुर्बिणीतून तपासणी’ म्हणू लागले. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत वेगळी, अवयवनिहाय संज्ञा आहे. मराठी बोलणाऱ्याने मात्र एका शब्दात तीन गोष्टी सांगितल्या : नळी आहे, तिच्यातून पाहता येते, आणि जे एरवी दिसत नाही ते दिसते. शस्त्रक्रियेस संमती देणाऱ्या अल्पशिक्षित स्त्रीला आपल्या शरीराबाबत काय होणार आहे हे ज्या शब्दाने समजते, त्या शब्दाचे मोल कोशातील शुद्धतेपेक्षा कमी लेखता येणार नाही.

वाक्प्रचारांतूनही हाच अर्थ प्रकट होतो. ‘दुर्बीण लावून शोधले तरी सापडणार नाही’ असे आपण दूरच्या वस्तूबद्दल म्हणत नाही; अतिशय लहान किंवा दुर्मीळ गोष्टीबद्दल म्हणतो. म्हणजे सूक्ष्मदर्शकाचे कार्यही लोकभाषेने दुर्बिणीकडेच सोपविले आहे. दूरचे, सूक्ष्म आणि आतले हे तिन्ही उघड्या डोळ्याच्या आवाक्याबाहेरचे, आणि त्या तिन्हींसाठी एक शब्द, अशी ही व्यवस्था आहे. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की जमिनीखालचे धन दिसते, ही जुनी समजूत आणि त्यातून आलेला ‘डोळ्यांत अंजन घालणे’ हा वाक्प्रचार पाहिला, तर न दिसणारे दाखविणाऱ्या साधनासाठी लोकमनात आधीच जागा होती असे दिसते. काचेच्या नळीने ती जागा घेतली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

पहिला, मराठीत पाहण्याच्या साधनांची परिभाषा एकाच उगमातून आलेली नाही. वेध, शंकू, फलक हे शब्द ज्योतिषपरंपरेतून. दुर्बीण, चष्मा, ऐना हे फारसीतून. चाळशी, भिंग, लोलक हे घरगुती व्यवहारातून आणि सूक्ष्मदर्शक हा आधुनिक परिभाषेतून आला आहे. शब्दाचे टिकणे त्याच्या कुळावर अवलंबून राहिलेले नाही. ती जागा आधीपासून कोणी व्यापली होती काय आणि शब्द बोलणाऱ्याच्या अनुभवाशी जुळतो काय, या दोन गोष्टी निर्णायक ठरल्या आहेत.

दुसरा, लोकव्यवहारातील ‘दुर्बीण’ ही शास्त्रीय दुर्बिणीची भ्रष्ट आवृत्ती नसून स्वतंत्र अर्थविस्तार आहे. सूक्ष्मदर्शकाला दुर्बीण म्हणणारा विद्यार्थी त्याच्या आईने, मोजणीदाराने आणि परिचारिकेने वापरलेली संगत भाषा बोलत असतो. त्याचे उत्तर परिभाषेच्या दृष्टीने दुरुस्त करावेच लागेल, कारण दोन्ही उपकरणांची भिंगरचना व कार्य भिन्न आहे आणि विज्ञानात हा भेद पाळल्यावाचून गत्यंतर नाही. परंतु ‘हे चूक’ एवढे सांगून थांबण्याऐवजी ‘खुर्द’ आणि ‘दूर’ हा भेद फळ्यावर लिहून दाखविला, तर सातबारा पाहिलेल्या मुलाला तो एका क्षणात उमगेल. वर्गात उर्दू माध्यमातून आलेले विद्यार्थी असतील, तर ‘खुर्दबीन’ हा शब्द तेच पुरवतील.

तिसरा निष्कर्ष अभ्यासाच्या पुढील दिशेबाबत आहे. मोजणी खाते, ग्रामीण रुग्णालये, चष्म्यांची दुकाने, कापसावरील किडींच्या पाहणीसाठी हाती भिंग घेणारे कृषी कर्मचारी, घड्याळदुरुस्ती करणारे कारागीर यांच्याकडे उपकरणांची अशी अनेक नावे आहेत. उपकरणे बदलत असल्याने ही नावेही झपाट्याने नाहीशी होत आहेत. मराठी, भौतिकशास्त्र आणि इतिहास या विभागांनी एकत्रितपणे तालुकानिहाय शब्दसंग्रहाचे काम विद्यार्थ्यांकडे प्रकल्प म्हणून सोपविल्यास ते एका शैक्षणिक वर्षात आरंभता येईल. शंकुसाखळी हाताळलेले निवृत्त मोजणीदार आज तालुक्यातालुक्यांत आहेत. या कामाची सुरुवात त्यांच्यापासून करणे श्रेयस्कर ठरेल.